सार्वजनिक उद्यानात इजा झाल्यास जबाबदारी कोणाची आणि भरपाई कशी मागावी

सहा वर्षांचा एक मुलगा उद्यानातल्या झोपाळ्यावरून पडला आणि त्याचा उजवा हात कोपराशी मोडला. आईवडील त्याला घेऊन दवाखान्याकडे धावले, पण सोबत आलेला मामा दहा मिनिटे मागे थांबला. झोपाळ्याची साखळी ज्या कडीत अडकवलेली होती ती तुटलेली कडी त्याने हातरुमालावर ठेवली आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून तिचे चार बाजूंनी फोटो काढले. एका बाजूला करंगळीएवढी जाड असलेली ती कडी, जिथे साखळी घासत होती तिथे काडेपेटीतल्या काडीएवढी उरली होती, आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग ताज्या लोखंडासारखा चकचकीत नसून तांबूस गंजलेला होता. म्हणजे कडीला चीर त्या दिवशी गेलेली नव्हती, ती कित्येक आठवडे आधीपासून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो झोपाळा काढून नेलेला होता आणि तिथे फक्त दोन खांब उभे होते. पुढे ते प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा आमच्या हातात जो काही आधार होता तो त्या चार फोटोंचा होता.

उद्यान, क्रीडांगण, तलावाकाठचा फिरण्याचा मार्ग, टेकडीवरची वनराई किंवा रस्त्याकडेची झाडे अशा ठिकाणी इजा झालेली कुटुंबे बहुधा दोन कारणांनी हक्क गमावतात. पुरावा पहिल्या दोनतीन दिवसांत नाहीसा होतो आणि मुदत त्यांना वाटते त्यापेक्षा फार लवकर संपते. महाराष्ट्रातील शहरी भाग डोळ्यांसमोर ठेवून, या दोन्ही गोष्टी सांभाळत दावा कसा उभा करायचा ते पुढे क्रमाने मांडले आहे. प्रत्यक्ष दावा वकिलाच्या सल्ल्यानेच दाखल करावा, परंतु वकिलाकडे जाण्यापूर्वीचे काम कुटुंबालाच करावे लागते आणि प्रकरणाचे भवितव्य पुष्कळदा त्याच कामावर ठरते.

कायदा कोणत्या पायावर उभा आहे

जागेच्या मालकाची अथवा ताबेदाराची तिथे येणाऱ्या माणसांबाबतची जबाबदारी सांगणारा स्वतंत्र कायदा इंग्लंडमध्ये १९५७ पासून आहे, तसा आपल्याकडे नाही. आपल्याकडे हा हक्क अपकृत्याच्या कायद्यातून, म्हणजे न्यायालयांच्या निकालांतून घडत गेलेल्या तत्त्वांतून मिळतो. ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याने तिथे येणाऱ्यांची वाजवी काळजी घ्यावी, ती घेतली नाही आणि त्यामुळे इजा झाली तर भरपाई द्यावी, एवढा त्याचा गाभा आहे.

दावा करणाऱ्याने सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल समजून घेतले पाहिजेत, कारण पुढची सगळी तयारी त्यांच्यावरून ठरते. पहिला दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघराचा. त्या वेळी सुमारे ऐंशी वर्षे जुने असलेले ते बांधकाम कोसळून माणसे मेली, आणि तशा चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य चाळीस ते पंचेचाळीस वर्षांचेच असते असे तज्ज्ञाने सांगितले. न्यायालयाने १९६६ मध्ये निर्णय दिला की रस्त्यालगतच्या बांधकामाचा दोष उघड असो वा लपलेला, ते सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक महापालिकेचीच आहे, आणि असे बांधकाम आपोआप कोसळते तेव्हा ती घटनाच निष्काळजीपणाची साक्ष देते. दुसरा निकाल राजकोटचा. १९७५ मध्ये रस्त्याने पायी कार्यालयात निघालेल्या माणसावर झाड कोसळले व तो दगावला, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महापालिकेला जबाबदार धरले नाही, कारण झाड धोकादायक झाले आहे याची महापालिकेला पूर्वकल्पना होती हे सिद्ध झाले नव्हते. तिसरा निकाल पुन्हा दिल्लीचा, १९९९ चा. स्कूटरवरून घरी निघालेल्या तरुणाच्या डोक्यावर झाडाची फांदी तुटून पडली होती. त्यात न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले आणि उद्यान विभागाने झाडांची वेळोवेळी पाहणी करून वाळलेली, मेलेली व धोकादायक फांद्या पुढे आलेली झाडे छाटायला हवी होती असे म्हटले.

हे निकाल शेजारी ठेवले की कामाची दिशा मिळते. झोपाळा, घसरगुंडी, व्यायामाची यंत्रे, फाटक, कारंजे, विजेचा खांब, कुंपणाची भिंत अशा माणसाने उभारलेल्या वस्तूमुळे इजा झाली असेल तर पहिल्या निकालाच्या आधारे सिद्ध करण्याचे ओझे बरेचसे समोरच्या पक्षावर टाकता येते. झाडामुळे इजा झाली असेल तर मात्र झाड आजारी होते, ते पाहणाऱ्याला दिसण्यासारखे होते आणि समोरच्याला माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, हे तुम्हालाच दाखवावे लागते. झाडाच्या प्रकरणात हळहळ वाटून कोणी निकाल देत नाही, कागद लागतो.

पहिले तीन दिवस

उपचार अर्थातच आधी. परंतु रुग्णालयात दाखल करतानाच इजा कशी आणि कुठे झाली हे डॉक्टरांना नेमके सांगावे आणि केसपेपरवर तसेच लिहिले आहे ना हे पाहावे. 'पडल्यामुळे फ्रॅक्चर' एवढीच नोंद असली तर ती सहा महिन्यांनी विरोधात वाचली जाते. 'अमुक उद्यानातील झोपाळ्याची कडी तुटून पडल्यामुळे' अशी नोंद हवी. इजा गंभीर असेल तर एमएलसी, म्हणजे रुग्णालयातील वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करण्याचा आग्रह धरावा. एमएलसीमुळे पोलिसांना खबर जाते आणि घटनेची तारीख, वेळ व जागा यांची तटस्थ नोंद होते.

पोलीस ठाण्यात लेखी खबर द्यावी व तिची पोच घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत, निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका पोहोचवून दुखापत करण्याबाबत कलम १२५ आहे आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबाबत कलम १०६ आहे. मृत्यूच्या घटनेत अकस्मात मृत्यूची नोंद होऊन मरणोत्तर पंचनामा होतोच. घटनास्थळाचा पंचनामा मात्र कुटुंबाने मागितल्याशिवाय नीट होत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून तो मागावा आणि तुटलेली वस्तू किंवा लाकडाचा तुकडा जप्त करण्याची लेखी विनंती करावी. गुन्हा दाखल झाला नाही म्हणून दिवाणी भरपाईचा हक्क जात नाही, हे इथेच लक्षात ठेवावे.

घटनास्थळाचे फोटो तीन अंतरांवरून काढावेत. एक लांबून, ज्यात उद्यानाची पाटी, फाटक किंवा ओळखू येणारी इमारत दिसेल. एक मधून, ज्यात ती वस्तू व तिच्याभोवतीची जमीन दिसेल, कारण झोपाळ्याखाली वाळू होती की सिमेंटची फरशी होती यावर इजेची तीव्रता आणि मालकाची हयगय दोन्ही ठरतात. एक अगदी जवळून, शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवून. ज्या मोबाइलवर फोटो काढले तो जपून ठेवावा. व्हॉट्सॲपने पाठवलेल्या प्रतीत फोटोची मूळ माहिती उरत नाही, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र देताना मूळ साधन व मूळ फाइल हाताशी लागते.

झाड पडले असेल तर घाई अधिक करावी लागते, कारण रस्ता मोकळा करायला आलेले कर्मचारी दोनतीन तासांत बुंधा करवतून गाडीत भरतात. त्यांनी ते काम करणे योग्यच आहे, पण त्याआधी तुटलेल्या भागाचा फोटो हवा. निरोगी लाकूड तुटते तेव्हा त्याच्या लांब, फिकट, ताज्या चिरफळ्या निघतात. कुजलेले लाकूड तपकिरी, भुसभुशीत असते आणि बोटाने दाबले तरी त्याचा चुरा होतो. बुंध्यातली पोकळी, वाळवीची माती, खोडावर उगवलेली भूछत्रे, पूर्वी छाटलेल्या फांदीची उघडी राहिलेली कुजकी जखम, केबल किंवा गटारासाठी खणताना तोडलेली मुळे, बुंध्याला घट्ट भिडवलेले सिमेंट, या प्रत्येक गोष्टीचा स्वतंत्र फोटो घ्यावा. पोलिसांनी जप्ती केली नाही तर हाताएवढा एक तुकडा पंचांसमक्ष उचलून कागदी पिशवीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून त्यावर नवी बुरशी धरते आणि मग जुनी कोणती व नवी कोणती हा वाद लागतो. तो तुकडा आणि फोटो कृषी महाविद्यालयातील किंवा वनस्पतिशास्त्राच्या जाणत्या प्राध्यापकांना दाखवून त्यांचे लेखी मत घ्यावे.

साक्षीदारांत रोज फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक फार मोलाचे ठरतात. घटना त्यांनी पाहिलेली असतेच असे नाही, पण 'हा झोपाळा दोन महिने करकरत होता' किंवा 'ही फांदी उन्हाळ्यापासून वाळलेली होती' हे ते सांगू शकतात, आणि खरी गरज याच साक्षीची असते. त्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक लगेच लिहून घ्यावेत.

जागा कोणाची, ताबा कोणाचा

फाटकावरच्या पाटीवरून मालक ठरवू नये. पाटीवर नगरसेवकाचे, आमदारनिधीचे किंवा देखभाल करणाऱ्या संस्थेचे नाव असू शकते आणि जमीन तिसऱ्याचीच असू शकते. मिळकत पत्रिका किंवा सातबारा उतारा काढावा. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण आहे एवढ्यावरून जमीन महापालिकेची होत नाही, कारण संपादन होईपर्यंत ती मूळ मालकाचीच राहते. सिडको, म्हाडा, एमआयडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग, रेल्वे, छावणी मंडळ, वनविभाग यांच्या जमिनींवरही लोकांना खुल्या हिरव्या जागा आहेत, आणि काही ठिकाणी जमीन एकाची व देखभाल दुसऱ्याची असते. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील मोकळ्या जागेची व झाडांची जबाबदारी त्या संस्थेची असते, मात्र झाड तोडण्यासाठी तिला महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. संस्थेने अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला किंवा पडून राहिला, असे निघाले तर जबाबदारीचे बोट प्राधिकरणाकडे वळते.

'देखभाल कंत्राटदाराकडे होती' हे उत्तर हमखास येते. बडोद्याच्या सूरसागर तलावात १९९३ मध्ये नाव उलटून बावीस जण बुडाले, तेव्हा नावा चालवण्याचे काम कंत्राटदाराकडे होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महापालिकेची जबाबदारी कायम केली, कारण तलाव तिचा होता आणि लोकांच्या सुरक्षिततेचे कर्तव्य कंत्राट देऊन अंगावरून झटकता येत नाही. म्हणून नोटिशीत व दाव्यात मालक, ताबेदार आणि कंत्राटदार या तिघांनाही पक्षकार करावे, कोणाचा वाटा किती हे न्यायालय ठरवील.

वाघ, बिबट्या किंवा रानडुक्कर अशा वन्यप्राण्याने हल्ला केला असेल तर रस्ता वेगळा आहे. त्यासाठी वनविभागाची ठरलेली भरपाई आहे आणि तिला हयगय सिद्ध करावी लागत नाही, म्हणून जवळच्या वनाधिकाऱ्याकडे तातडीने लेखी खबर द्यावी.

त्यांना आधी माहीत होते, हे कसे दाखवावे

सगळ्या तयारीत माझा सर्वाधिक भर या पायरीवर असतो. अपघातापूर्वी कोणीतरी तक्रार केलेली असतेच, अशा समजुतीने शोध सुरू करावा, कारण बहुतेक वेळा ती केलेली असते. महापालिकेच्या ॲपवर, मदत क्रमांकावर, विभाग कार्यालयाच्या आवक बारनिशीत, नगरसेवकाच्या पत्रात किंवा मॉर्निंग वॉक मंडळाच्या निवेदनात ती सापडते. परिसरातील व्हॉट्सॲप गटावर विचारले तर कोणाकडे तरी तक्रार क्रमांकाचा संदेश जपलेला निघतो. अपघाताच्या आधीच्या तारखेचा एक तक्रार क्रमांक नंतरच्या पन्नास फोटोंहून अधिक उपयोगी पडतो.

दुसरे साधन माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे आहे. अर्जाला दहा रुपये शुल्क लागते, उत्तराची मुदत तीस दिवसांची असते, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय साधारण दीडशे शब्दांत मांडावा लागतो, म्हणून विषयवार वेगळे अर्ज करावेत. अर्जात 'का' विचारू नये, कागद मागावा. उदाहरणार्थ:

'अमुक उद्यानातील खेळणी व झोपाळे यांबाबत गेल्या तीन वर्षांतील पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: देखभालीचे कार्यादेश व करारनामा; पाहणीच्या नोंदवह्या; दुरुस्तीची देयके; प्राप्त तक्रारी व त्यांवरील कार्यवाही; कंत्राटदाराने काढलेल्या विमा पॉलिसीची प्रत; दिनांक अमुक रोजीच्या घटनेनंतर काढून नेलेला झोपाळा सध्या कोठे ठेवला आहे त्याची नोंद.'

झाडासाठी त्या झाडाचा वृक्षगणनेतील क्रमांक, पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीच्या याद्या, त्या रस्त्यावरील धोकादायक झाडांची नोंद आणि वृक्ष अधिकाऱ्याचे स्थळपाहणी अहवाल मागावेत. १९७५ च्या अधिनियमाने झाडांची गणना करण्याचे काम वृक्ष प्राधिकरणावर सोपवलेले आहे, त्यामुळे 'आमच्याकडे अशी नोंद नाही' हे उत्तर आले तर तेसुद्धा जपून ठेवावे. पाहणी करणे कर्तव्य होते आणि पाहणीची नोंदच नाही, हा १९९९ च्या निकालाशी थेट जुळणारा पुरावा आहे. माहितीचा अधिकार अधिनियमाच्या कलम २ नुसार कामाची व अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार मिळतो. काढून नेलेला झोपाळा गोदामात पडलेला असताना हा अधिकार वापरता येतो, पण फार थोडे लोक तो वापरतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करावे, मात्र अपिलाच्या निकालाची वाट पाहत नोटीस थांबवू नये.

नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत

इथे सर्वांत मोठे नुकसान होते. भरपाईच्या दाव्याला तीन वर्षे असतात असे लोक ऐकून असतात आणि उपचार पूर्ण होईपर्यंत थांबतात. परंतु मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ५२७, इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ४८७ आणि नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचे कलम ३०४, ही तिन्ही कलमे सांगतात की त्या अधिनियमाखालील कृतीबद्दल किंवा हयगयीबद्दल दावा करण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. प्रत्येक प्रकारच्या निष्काळजीपणाला ही कलमे लागू होतात का यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत, पण त्या वादाच्या भरवशावर राहणे म्हणजे जखमी माणसाचा हक्क पणाला लावणे आहे. सहा महिन्यांचीच मुदत आहे असे धरून चालावे. नोटिशीचा काळ वगळून देणारी तरतूद मुदत अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे, ती अडचणीच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून राखून ठेवावी, तिच्यावर वेळापत्रक बांधू नये. राज्य शासन किंवा त्याचा विभाग प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. म्हणून मी पक्षकारांना घटनेपासून तीस दिवसांच्या आत सर्व नोटिसा निघाव्यात असे सांगतो.

नोटीस विभाग कार्यालयात देऊन भागत नाही, ती महापालिकेच्या मुख्य कार्यालयात पोहोचली पाहिजे. आयुक्तांच्या नावे हातपोच देऊन प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा, शिवाय पोचपावतीसह टपालानेही पाठवावी. तिच्यात दावेदाराचे पूर्ण नाव व राहण्याचा पत्ता, वकील असेल तर त्याचे नाव व पत्ता, घटनेची तारीख, वेळ व नेमकी जागा, काय घडले, कोणती हयगय झाली, कोणती इजा झाली आणि किती रक्कम मागितली आहे हे सर्व असावे. उपचार चालू असल्यास 'पुढील खर्च व कायम अपंगत्वाची रक्कम वाढवून मागण्याचा हक्क राखून ठेवला आहे' हे वाक्य घालावे. शेवटी 'संबंधित वस्तू, पाहणीच्या नोंदी व सीसीटीव्ही चित्रण नष्ट करू नये' अशी स्पष्ट मागणी करावी. चित्रण काही दिवसांतच पुसले जाते, म्हणून ही एक मागणी नोटिशीची वाट न पाहता पहिल्याच दिवशी वेगळ्या पत्राने केलेली बरी.

दाद कुठे मागावी

मुख्य मार्ग दिवाणी दाव्याचा. मृत्यू झाला असेल तर प्राणांतिक अपघात अधिनियम, १८५५ नुसार पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी एकच दावा करता येतो. त्याला मुदत कायद्यात मृत्यूपासून दोन वर्षे दिलेली असली तरी महापालिकेविरुद्ध सहा महिन्यांचीच शिस्त पाळावी.

प्रवेश तिकीट, नौकाविहाराचे किंवा खेळण्यांचे पैसे घेतले असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग खुला होतो. सूरसागरचे प्रकरण याच मार्गाने गेले होते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि तिकिटाची रक्कम लहान असल्याने अशी तक्रार जिल्हा आयोगात बसते. म्हणून तिकीट किंवा यूपीआयची नोंद जपावी. मोफत उद्यानात मात्र केवळ मालमत्ता कर भरतो म्हणून नागरिक ग्राहक ठरत नाही.

वस्तुस्थिती निर्विवाद असेल, म्हणजे तक्रार, स्मरणपत्र आणि मग दुर्घटना अशी साखळी कागदावरच दिसत असेल, तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करून भरपाई मागता येते. वस्तुस्थितीबद्दल वाद असेल तर उच्च न्यायालय बहुधा दिवाणी न्यायालयाकडे पाठवते आणि त्यात सहा महिने निघून जाण्याचा धोका असतो. अपघात उद्यानाच्या आत न होता दारासमोरच्या रस्त्यातील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झाला असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश पाहावा. त्यात अशा मृत्यूसाठी सहा लाख रुपये आणि जखमींसाठी इजेच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये ठरवून दिले आहेत.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

रक्कम कशी काढावी

बागेतल्या अपघातांसाठी स्वतंत्र कोष्टक नाही, परंतु मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मधील सरला वर्मा व २०१७ मधील प्रणय सेठी या निकालांत घालून दिलेली पद्धत मार्गदर्शक म्हणून मांडता येते. समजा, चौतीस वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा, महिना ३०,००० रुपये मिळवणारा माणूस झाड पडून दगावला आणि मागे पत्नी व दोन मुले आहेत. वार्षिक उत्पन्न ३,६०,००० रुपये. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी असल्याने भावी वाढीसाठी ४० टक्के धरून ५,०४,००० रुपये. तीन अवलंबितांसाठी स्वखर्चाचा एकतृतीयांश भाग वजा करून ३,३६,००० रुपये. त्या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा, १६ असल्याने ५३,७६,००० रुपये, आणि त्यावर अंत्यविधीचा खर्च, वारशाची हानी व गमावलेला सहवास यांच्या ठरीव रकमा. तोच माणूस वाचला, पण कामाची क्षमता २० टक्क्यांनी कायमची घटली, तर स्वखर्च वजा होत नाही आणि ५,०४,००० रुपयांना १६ ने गुणून येणाऱ्या ८०,६४,००० रुपयांचे २० टक्के, म्हणजे १६,१२,८०० रुपये होतात. उपचार, प्रवास, मदतनीस, बुडालेला पगार, वेदना यांच्या रकमा वेगळ्या.

टक्केवारी ठरवताना शरीराच्या अपंगत्वापेक्षा कामावरचा परिणाम महत्त्वाचा असतो, हे न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार प्रकरणात स्पष्ट केले आहे. मधल्या बोटाची पकड गेली तर शिंप्याचे जे नुकसान होते ते पहारेकऱ्याचे होत नाही. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांचे अपंगत्व प्रमाणपत्र घ्यावेच, पण त्यासोबत तो माणूस अपघातापूर्वी नेमके काय काम करत होता याचाही पुरावा द्यावा. गृहिणीच्या कामाचे मोल न्यायालये स्वतंत्रपणे धरतात, तेव्हा 'उत्पन्न नाही' असे लिहून तो रकाना रिकामा सोडू नये.

समोरून येणारी उत्तरे

वादळ ही दैवी आपत्ती होती, असे पहिले उत्तर येते. भारतीय हवामान विभागाकडून त्या दिवसाच्या वाऱ्याच्या व पावसाच्या नोंदी मागवाव्यात. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९५८ मध्ये भिंत कोसळण्याच्या प्रकरणात, ऐन पावसाळ्यात पडलेला २.६६ इंच पाऊस ही दैवी आपत्ती नव्हे असे ठरवले होते. आपल्याकडे जुलैत जोराचा वारापाऊस होणार हे उद्यान विभागाला माहीत असते, म्हणून तर पावसाळ्यापूर्वी छाटणी होते.

दुसरे उत्तर जखमीच्या स्वतःच्या चुकीचे असते: उद्यान बंद झाल्यावर आत शिरला, लहान मुलांच्या झोपाळ्यावर मोठा माणूस बसला. यात तथ्य असेल तर न्यायालय रक्कम त्या प्रमाणात कमी करते, दावा फेटाळलाच जातो असे नाही. तथ्य असेल ते वकिलाला आधीच खरे सांगावे. 'येथील वापर स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावल्याने कर्तव्य संपत नाही, तरी तिचाही फोटो घ्यावा.

मुलांच्या बाबतीत हे उत्तर फार कमी चालते, आणि चालूही नये. ग्लासगोच्या सार्वजनिक वनस्पती उद्यानात सात वर्षांच्या मुलाने विषारी फळे खाल्ली व तो दगावला, तेव्हा १९२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने म्हटले की मुलांना भुरळ पाडणारी व विषारी वस्तू कुंपणाविना, सूचनेविना ठेवणे ही हयगय ठरू शकते. आपल्या उद्यानांत शोभेसाठी लावलेली पिवळी कण्हेर विषारी असते आणि तिच्या बिट्ट्यांशी मुले खेळतात, त्यामुळे तो निकाल आपल्याला दूरचा नाही.

मदत, समझोता आणि मुलाचे पैसे

दुर्घटनेनंतर सानुग्रह मदत जाहीर झाली तर ती घ्यावी, मात्र पावतीवर 'कायदेशीर भरपाईचा हक्क अबाधित ठेवून स्वीकारली' असे स्वतःच्या हाताने लिहूनच सही करावी. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. विम्याचे पैसे वेगळे असतात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात, आणि वाहनावर झाड पडले असेल तर वाहनाच्या सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीचे नुकसान व वाहनमालक चालकाचा वैयक्तिक अपघात विमा तपासावा.

जखमी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असेल तर दावा त्याच्या वतीने आई किंवा वडील करतात, आणि त्यात समझोता करायचा असेल तर न्यायालयाची परवानगी लागते. ती मिळवताना मुलाच्या हिताचे काय हे न्यायाधीश विचारतात व रक्कम बहुधा तो सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. वाढत्या वयाच्या मुलाला हाडाची आणखी शस्त्रक्रिया लागणार असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाचे तसे लेखी मत त्याच वेळी दाखल करावे, म्हणजे ठेवीतून उपचारापुरती रक्कम काढण्याची मुभा हुकुमातच मागता येते. महापालिका अपिलात गेली तर हुकुमाच्या अंमलबजावणीला स्थगिती देताना न्यायालय रक्कम भरायला लावू शकते, आणि भरलेल्या रकमेतील काही भाग उपचारांसाठी काढू देण्याचा अर्ज करता येतो. तो अर्ज स्थगितीच्या सुनावणीच्या पहिल्याच तारखेला, रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह तयार ठेवावा.